फटफटीची शाळा : पाणंदीपासून स्पितीपर्यंत

आपल्या गावाकडं डांबरी सडक जिथं संपते, तिथून खरा प्रवास सुरू होतो. वस्तीवरून डेअरीला दूध घालायचं, रात्री-अपरात्री मळ्यातली मोटर चालू करायला जायचं, वैरणीचा भारा मागं बांधून आणायचा, पोरांना शाळेत सोडायचं, ही सगळी कामं आता फटफटीवर होतात. एकेकाळी बैलगाडीची चाकोरी पडलेल्या पाणंदीतून आज मोटारसायकली धावतात. पावसाळ्यात त्याच पाणंदीत काळा चिखल चाकाला असा धरतो, की टायर आणि मडगार्डच्या मध्ये बोट शिरत नाही. तरी माणसं जातात. दूध थांबत नाही, आणि आजारी माणूसही थांबत नाही.

गंमत अशी, की गाडी चालवायला आपण शिकतो ती डांबरावर, नाही तर शाळेच्या मैदानात. क्लच सोडायचा, गिअर टाकायचा, ब्रेक दाबायचा, एवढं आलं की झालं शिक्षण. चिखल, वाळू, खडी, उतार आणि वाहतं पाणी यांचा धडा कुणी देत नाही. ज्याचा तो पडत-झडत शिकतो. कुणाचं गुडघ्यावर निभावतं, कुणाच्या जिवावर बेततं.

शहरातली हौशी मंडळी हल्ली मुद्दाम डांबर सोडून डोंगरात गाड्या घालतात. त्याला 'ऑफ-रोड' असं नाव आहे. त्याच्या मोठमोठ्या शर्यतीही होतात. डकार नावाची शर्यत जगात सगळ्यात अवघड समजली जाते. वाळवंट आणि दगडधोंड्यांतून सुमारे दोन आठवडे गाडी हाकायची असते. बंगळूरचे सी. एस. संतोष हे २०१५ साली त्या शर्यतीत उतरलेले पहिले भारतीय स्वार. ते ३६ वे आले. पुढं २०२४ साली केरळच्या हरित नोआ यांनी तिथं 'रॅली-२' हा गट जिंकला. बंगळूरचीच ऐश्वर्या पिसे हिनं २०१९ साली महिलांच्या गटात बाहा शर्यतींचा विश्वचषक आणला. ही सगळी मोठी माणसं. पण ज्या विद्येच्या जोरावर ती वाळू आणि दगड पार करतात, ती विद्या आपल्या रोजच्या कामाची आहे, हे मला कळलं ते आमच्या मिस्त्रींमुळं.

मिस्त्रींची शाळा

तालुक्याच्या गावी आमच्या मिस्त्रींचं गॅरेज आहे. वय पन्नाशी ओलांडलेलं. दर दोन-तीन वर्षांनी ते चार सोबती घेऊन हिमालयात गाडीवर जातात. त्यांचे कायमचे जोडीदार दोन. एक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, ज्यांची निम्मी नोकरी बर्फात गेली. दुसऱ्या आमच्या उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका ताई. वाड्या-वस्त्यांवर लस घेऊन पावसात गाडीवर फिरणं हेच त्यांचं काम, त्यामुळं चिखलात त्यांचा हात भल्याभल्यांना ऐकत नाही.

मी वीस वर्षं दुधाचे कॅन बांधून गाडी चालवतो. माझा पुतण्या पुण्याला कारखान्यात आहे. आम्हा दोघांना बरोबर न्यायला मिस्त्री तयार झाले, पण त्यांनी अट घातली. "आधी तीन महिने दर रविवारी मुरमाच्या खाणीवर यायचं. तिथं जमलं तर पुढं."

पहिल्या रविवारी त्यांनी आम्हाला गाडीवर बसूच दिलं नाही. उभं राहायला सांगितलं. दोन्ही पाय पायदानावर, गुडघ्यांनी टाकी हलकी धरायची, कोपरं थोडी वाकलेली, हॅण्डल घट्ट आवळायचं नाही. पुतण्याला हे सर्कशीसारखं वाटलं. मिस्त्री मला म्हणाले, "तुम्ही फळीवर उभं राहून ढेकळं फोडलीत ना? बैल ओढत असतात, फळी वर-खाली होते. तुम्ही काय करता? गुडघे सैल सोडता. फळी नाचू देता आणि आपण स्थिर राहता. गाडीचंही तसंच. खाली तिला नाचू द्या." त्या एका दाखल्यानं मला सगळं समजलं. बसलेल्या माणसाचं ओझं सीटवर पडतं आणि प्रत्येक धक्का मणक्याला लागतो. उभ्या माणसाचं ओझं पायदानावर, म्हणजे खाली जातं. गाडी त्याच्याखाली मोकळी हलते आणि तोल सांभाळते.

दुसरा धडा नजरेचा. पुढच्या चाकाखाली पाहायचं नाही. पंधरा-वीस पावलं पुढं पाहायचं. नांगराचं तास सरळ ठेवायचं तर नजर फाळावर ठेवून चालत नाही, समोरच्या बांधावर ठेवावी लागते. गाडीही नजरेमागं जाते. खड्ड्याकडं टक लावून पाहणारा खड्ड्यातच जातो. म्हणून दगड दिसला की दगडाशेजारची वाट पाहायची.

मग एकेक जमिनीचा स्वभाव आला. वाळूत पुढचं चाक सापासारखं वळवळतं. तिथं घाबरून एकदम वेग सोडला की चाक रुतलंच. अंग थोडं मागं घ्यायचं, हॅण्डल सैल धरायचं आणि एकसारखी रेस ठेवायची. टायरमधली थोडी हवा कमी केली, तर टायर पसरतो आणि पकड वाढते. मात्र डांबरावर आलो की ती परत भरायची. खडीच्या उतारावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची नाही. पहिल्या गिअरात इंजिनच गाडीला मागं ओढून धरतं. पुढचा ब्रेक एकदम दाबला की चाक घसरून माणूस आपटतो. म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू, दूध काढताना सड पिळावा तसे दाबायचे. चाकोरीत चाक गेलं तर धडपडून बाहेर काढायला बघायचं नाही. वेग कमी ठेवून चाकोरीतूनच पुढं जायचं. बाहेर यायची जागा पुढं आपोआप सापडते.

पडलेली गाडी उचलायचीही एक रीत आहे. आधी इंजिन बंद करायचं. जमीन उताराची असेल तर गाडी कुठं घसरेल ते पाहायचं. मग गाडीकडं पाठ करून, कमरेचा भाग सीटला टेकवून, पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर मागं रेटत उचलायची. ताईंनी आम्हाला हे दाखवलं तेव्हा पुतण्याचं तोंड उघडंच राहिलं. दोन मण वजनाचं माणूसही नसेल, पण त्यांनी मोठी गाडी एकट्यानं उभी केली.

ह्या सगळ्यात मला मोलाचा वाटलेला नियम चालण्याच्या क्रमाचा होता. सगळ्यात जाणता माणूस पुढं नसतो, तो शेवटी असतो. सुभेदार नेहमी शेपटीला. पुढं ताई, मध्ये आम्ही शिकाऊ. प्रत्येकानं आरशात आपल्या मागच्या गाडीचा दिवा पाहत राहायचं. दिवा दिसेनासा झाला की थांबायचं. फाटा आला की मागचा येऊन आपल्याला पाहीपर्यंत हलायचं नाही. म्हणजे पुढच्याला मागच्याची काळजी, त्याला त्याच्या मागच्याची. दिंडीत जसा कुणी एकटा मागं राहत नाही, तसंच हे.

चंद्रेच्या काठानं

२०२४ सालच्या ऑगस्टअखेरीस, भांगलण उरकून, आम्ही पाचजण निघालो. मिरजेहून रेल्वेनं दिल्ली, तिथून रात्रीच्या बसनं मनाली. गाड्या मनालीतच भाड्यानं घेतल्या. ह्या गाड्या मुद्दाम डोंगरासाठी केलेल्या असतात. पुढचं चाक एकवीस इंची, पोट जमिनीपासून उंच, वजन जवळजवळ दोनशे किलो. म्हणजे पन्नास किलोची चार पोतीच! मिस्त्रींनी दुकानदारासमोर प्रत्येक गाडीची साखळी, ब्रेक, टायर आणि दिवे तपासले. एका गाडीचा मागचा टायर गुळगुळीत होता, तो बदलून घेतला तेव्हाच पैसे दिले. मनालीत एक दिवस मुक्काम केला. उंचीवरच्या विरळ हवेची अंगाला सवय व्हावी लागते. डोकं दुखणं, मळमळ, धाप ही लक्षणं वाढू लागली, तर पुढं चढायचं नाही, खाली उतरायचं, असं ताईंनी सगळ्यांकडून वदवून घेतलं.

मनाली ते काझा हे अंतर सुमारे २०० किलोमीटर. आपल्याकडं तेवढ्याला चार-पाच तास पुरे. तिथं आम्हाला दोन दिवस धरायला सांगितलं होतं, आणि प्रत्यक्षात तीन लागले.

पूर्वी ह्या वाटेला रोहतांग खिंड चढावीच लागे. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि डोंगराखालून पलीकडं जाता येऊ लागलं. बोगद्याच्या ह्या तोंडाशी देवदाराची हिरवी झाडी आणि पाऊस. पलीकडच्या तोंडाशी उघडे-बोडके डोंगर आणि कोरडं ऊन. पावसाचे ढग त्या भिंतीपलीकडं फारसे जात नाहीत. आपल्या महाबळेश्वरात पाऊस कोसळत असताना माणदेश कोरडा राहतो, तोच प्रकार, फक्त डोंगर कितीतरी मोठे.

ग्राम्फू ह्या ठिकाणी आम्ही स्पितीच्या वाटेला लागलो. इथून पुढं चंद्रा नदीची सोबत. ही नदी खाली तांदी इथं भागा नदीला मिळते आणि दोघींची मिळून चंद्रभागा होते. तीच पुढं चिनाब. पंढरीच्या वारकऱ्याला ते नाव ऐकून हात जोडावेसे वाटतात. आपली चंद्रभागा म्हणजे पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळलेली भीमा, ही वेगळी. पण नाव एकच, आणि परमुलखात ओळखीचं नाव भेटलं की बरं वाटतं.

ह्या रस्त्याचं रुंदीकरणाचं काम चालू होतं, पण आम्हाला मिळाला तो बहुतेक दगडगोट्यांचाच. नदीच्या पात्रात गाडी घातल्यासारखं वाटे. नारळाएवढे गोटे, मध्येच पिठासारखी धूळ, एका अंगाला सरळ कडा आणि दुसऱ्या अंगाला खळाळती नदी. तासाला पंधरा किलोमीटर झाले तरी खूप. मुरमाच्या खाणीवरचे रविवार इथं कामी आले. पुतण्या दोनदा आडवा झाला, पण वेग कमी, अंगात जाड जाकीट, गुडघ्याला ढोपरं, डोक्यावर पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट. उठला, धूळ झटकली, गाडी शिकवलेल्या रीतीनं उचलली आणि निघाला. सुभेदार मागून नुसते पाहत होते. मदतीला धावले नाहीत. "त्याची त्याला उचलू दे. एकदा जमलं की भीती जाते," असं मला म्हणाले.

जीपला चार पाय हैत

छत्रूच्या पुढं एका ओढ्याशी आमचा खरा धडा झाला. वाटेत पंक्चर काढण्यात वेळ गेला होता, दुपारचे तीन वाजले होते. डोंगरावरून बर्फाचं पाणी आडवं रस्त्यावरून वाहत होतं. रुंदी पंचवीस-तीस पावलं, रंग राखेचा. तळ दिसत नव्हता.

मिस्त्रींनी गाडी स्टॅण्डला लावली आणि काठावर बसून पाण्याचा आवाज ऐकत राहिले. खरखर, घरंगळल्यासारखा आवाज येत होता. "आत दगड चाललेत," ते म्हणाले. "पाणी दगड ढकलतंय, तर चाक काय चीज?"

तेवढ्यात एक जीप आली आणि पाणी उडवत पलीकडं गेली. पुतण्या लगेच उठला. त्याची सुट्टी मोजकी होती. चंद्रताल सरोवर पाहायची त्याची फार दिवसांची इच्छा. एक रात्र इथं गेली तर ते चुकणार होतं.

"काका, जीप गेली की. आपण एकामागं एक काढू गाड्या."

मी काही बोलायच्या आत मिस्त्रीच म्हणाले, "बाळा, जीपला चार पाय हैत. तुला दोन. आणि एक उचलला की दुसरा टिकत नाही."

पुतण्या रागावला. "मग तीन महिने शिकलो कशासाठी?"

"थांबायचं केव्हा ते कळावं म्हणून."

आम्ही मागं फिरायच्या तयारीत असताना दुसऱ्या शहरातल्या चार तरुणांचा घोळका आला. मिस्त्रींनी त्यांनाही थांबा म्हणून सांगितलं. तीन थांबले, एकानं गाडी घातली. ओढ्याच्या मध्यावर पुढचं चाक दगडाला अडलं, गाडी खालच्या अंगाला झुकली आणि पाण्यानं दोघांनाही उचललं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तो मुलगा पंधरा पावलं खाली गेला होता. दैव बलवत्तर, एका मोठ्या धोंड्याला त्याचा हात लागला. सुभेदारांनी दोर फेकला. त्याला ओरडून सांगितलं, "कमरेला बांधू नको, नुसता हातात धर!" वाहत्या पाण्यात दोर अंगाला बांधला आणि कुठं अडकला, तर पाणी माणसाला त्या दोरासकट खाली दाबून धरतं. आम्ही चौघांनी ओढून त्याला काठावर घेतलं.

बर्फाचं पाणी. मुलगा थडथड कापत होता, ओठ निळे पडले होते. ताईंनी त्याचे ओले कपडे उतरवून त्याला कोरड्या घोंगड्यात गुंडाळलं, डोकं झाकलं, थर्मासमधला गोड गरम चहा घोट-घोट पाजला. कुणीतरी दारूची बाटली पुढं केली, ती त्यांनी परत पाठवली. दारूनं ऊब आल्यासारखं वाटतं, पण अंगातली उष्णता उलट लवकर निघून जाते, असं त्यांनी सांगितलं. गाडी धोंड्याला अडकून रात्रभर पाण्यातच राहिली.

त्या रात्री आम्ही छत्रूच्या तंबूत राजमा-भात खाऊन झोपलो. पुतण्या बोलत नव्हता. झोपताना एवढंच म्हणाला, "काका, पहिला मी गेलो असतो."

सकाळचं पाणी

तंबूच्या मालकानं आम्हाला पाच वाजता उठवलं. हिमालयातल्या ओढ्यांचं गणित सोपं आहे. दिवसभर ऊन बर्फ वितळवतं, आणि वरून निघालेलं पाणी दुपारनंतर रस्त्यापर्यंत पोचतं. रात्री वर थंडी पडते, वितळणं थांबतं आणि पहाटे ओढा सगळ्यात लहान असतो. काल छाती दडपवणारा तो ओढा सकाळी गुडघ्याच्या खाली आला होता, आणि तळातले दगड दिसत होते.

तरीही मिस्त्री आधी हातात काठी घेऊन चालत पलीकडं गेले आणि परत आले. कुठं खड्डा, कुठं सपाटी, ते पाहून वाट ठरवली. मग पहिला गिअर, एकसारखी रेस, नजर पलीकडच्या काठावर. ज्याला धीर नव्हता, त्याची गाडी दोघांनी धरून नेली. धरणाऱ्यांनी उभं राहायचं ते पाणी येतं त्या अंगाला. खालच्या अंगाला उभं राहिलं आणि गाडी कलंडली, तर ती अंगावर येते आणि माणूस तिच्याखाली अडकतो.

त्या मुलाची गाडी सगळ्यांनी मिळून बाहेर काढली. त्यानं लगेच स्टार्टरकडं हात नेला, मिस्त्रींनी धरला. इंजिनात पाणी असताना ते फिरवलं, तर आतला दांडा वाकतो. त्यांनी आधी तेल पाहिलं. तेलात पाणी शिरलं तर ते दुधाच्या चहासारखं दिसतं. इथं ते स्वच्छ होतं. मग स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवलं, भोकातून पिचकारीसारखं पाणी उडालं. हवेची जाळी पिळून वाळवली, प्लग पुसून बसवला. दोन तासांनी गाडी चालू झाली. मुलानं पैसे द्यायला पाकीट काढलं. मिस्त्री म्हणाले, "पैसे नकोत. पुढच्या ओढ्याला कुणी घाईत दिसला, तर त्याला थांबव."

लोसरचा वाटाणा

बातलच्या पुढं कुंझुम खिंडीचा चढ लागला. उंची सुमारे साडेचार हजार मीटर. हवा इतकी विरळ, की हेल्मेट काढून वाकून बुटाची नाडी बांधली तरी धाप लागे. वर कुंझुम मातेचं ठाणं आहे. येणारी प्रत्येक गाडी त्याला प्रदक्षिणा घालूनच पुढं जाते. आम्हीही घातली.

खिंडीच्या पलीकडं पाण्याची दिशा बदलते. स्पिती नदी तिथून पुढं सतलजेला जाऊन मिळते. उतरून आलं की पहिलं गाव लोसर. चार हजार मीटरच्या आसपासच्या ह्या गावात सगळीकडं राखाडी डोंगर आणि मध्येच हिरवेगार वाफे पाहून आमचे शेतकऱ्याचे डोळे निवले. वाटाण्याची तोडणी चालू होती. एका शेतकऱ्यानं ओंजळभर शेंगा दिल्या. असा गोड वाटाणा मी खाल्ला नव्हता.

मोडक्या हिंदीत बोलणं झालं. वर्षाला एकच पीक. हिवाळ्यात सगळं बर्फाखाली. जव घरच्या खाण्याला, वाटाणा विकायला. खाली मैदानी मुलखात वाटाण्याचा हंगाम नसतो तेव्हा यांचा माल तयार होतो, म्हणून व्यापारी इतक्या लांब ट्रक घेऊन येतात. पाऊस जवळजवळ नाहीच. डोंगरातल्या बर्फाचं पाणी लांबलांबून पाटानं आणायचं. त्या पाटाला तिथं कूल म्हणतात. पाणी पाळीनं वाटून घ्यायचं, आणि पाळीवरून भांडणं होतात का, असं विचारल्यावर तो गडी खो-खो हसला. म्हणजे तिथंही तेच!

त्याची गाडी साधी होती, आपल्याकडं दुधाला वापरतात तशीच. तिच्यावर वाटाण्याची दोन पोती बांधून तो दगडगोट्यांच्या वाटेनं उभा राहून निघाला. गुडघे सैल, नजर लांब. त्याला हे कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. मिस्त्री त्याच्याकडं पाहत म्हणाले, "खरे गुरू हे."

काझाला आम्ही तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो. चंद्रताल राहिला तो राहिलाच. पुतण्यानं त्याचं नाव काढलं नाही.

घरच्या फरशी पुलावर

ही हकीकत एवढ्या विस्तारानं सांगितली त्याला कारण आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसांना २०१९ आणि २०२१ चे महापूर विसरता येणार नाहीत. पण महापूर नसतानाही, दर पावसाळ्यात आपल्या गावोगावचे फरशी पूल आणि ओढे एखादी गाडी, एखादा माणूस घेऊन जातात. तिथं आपण काय म्हणतो? "रोजची वाट आहे." "ट्रॅक्टर गेला की आत्ता." वाट रोजची असते, पाणी रोजचं नसतं. वीतभर खोल वेगवान पाणीही माणसाचे पाय उचलतं आणि फूटभर पाणी लहान मोटारीला तरंगवतं. फरशी खालून खचली असेल, तर ते वरून दिसत नाही. हिमालयातला ओढा निदान पहाटे उतरतो. आपल्या ओढ्याला तसं वेळापत्रक नाही. वर पाऊस किती झाला, त्यावर सगळं. म्हणून आपल्याला तर जास्तच थांबावं लागतं.

गेल्या पावसाळ्यात पुतण्या सुट्टीला गावी आला होता. सकाळचं दूध मीच त्याच्याकडं दिलं, चाळीस लिटर. ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहत होतं. त्यानं गाडी आडवी लावली आणि मागून येणाऱ्या सगळ्या दूधवाल्यांना अडवलं. शिव्या खाल्ल्या. पाणी उतरलं दुपारी चारला, तोवर दूध नासलं. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "चाळीस लिटर गेलं." मी म्हटलं, "चाळीस लिटरच गेलं."

वाचकहो, आपल्या घरातल्या पोराला गाडी देताना हे एवढं जरूर सांगा. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, पट्टा बांधून. पायात चप्पल नको, घोट्यापर्यंतचा बूट असावा. कॅन आणि भारा असा बांधावा, की ओझं दोन्ही अंगांना सारखं आणि जितकं खाली तितकं बरं. टायर गुळगुळीत झाला की बदलावा, त्यात काटकसर नको. पावसाळ्याआधी एखाद्या रविवारी पडीक रानात गावातल्या जाणत्या गाडीवाल्याला बोलावून पोरांना उभं राहणं, उतार उतरणं, पडलेली गाडी उचलणं शिकवा. मुलींनाही शिकवा, त्यांनाही ह्याच पाणंदीतून कॉलेजला जायचं असतं. आणि पाण्याशी आलात तर गाडीवरून उतरा. तळ दिसत नसेल, दगडांचा आवाज येत असेल, किंवा फरशीची कड पाण्याखाली गेली असेल, तर चालूनही पुढं जाऊ नका. गाडी स्टॅण्डला लावा, मागच्याला थांबवा, आणि डेअरीत फोन करून सांगा, की आज उशीर होईल.